डॉन पॉवेलची कीर्ती: कादंबऱ्यांची की कबरीची?

नदीकाठ: काल येथे ‘जुनी पाने’ यांनी लिहिले की, अमेरिकी कादंबरीकार डॉन पॉवेल आज वाचली जाते ती केवळ न्यूयॉर्कच्या हार्ट आयलंड या बेटावरील सार्वजनिक दफनभूमीत बेवारशांमध्ये पुरली गेली म्हणून, कादंबऱ्या बेताच्याच आहेत. हे वाचून मला राहवले नाही. ‘अ टाइम टु बी बॉर्न’ (१९४२) मध्ये वृत्तपत्रसम्राटाची बायको अमांडा आपल्या ओहायोतल्या मैत्रिणीला, विकीला, राहायला स्टुडिओ मिळवून देते. विकी उपकाराने दबून जाते. अमांडाला मात्र ती जागा हवी असते आपल्या जुन्या प्रियकराला दिवसा निर्धास्त भेटता यावे म्हणून. उपकारामागचा हिशेब इतक्या बारकाईने उलगडणाऱ्या लेखिकेला कबरीच्या आधाराची गरज नाही.

जुनी पाने: मग १९६५ साली ती गेल्यावर बहुतेक पुस्तके बाजारातून नाहीशी का झाली? १९८७ मध्ये अमेरिकी लेखक गोर व्हिडाल यांनी प्रदीर्घ लेख लिहिला, तेव्हा कुठे ती पुन्हा छापली जाऊ लागली. तिच्या कादंबऱ्यांत जीव लावावा असे माणूसच मला सापडत नाही. उलट मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या बाईने अवशेष नाकारले, ही कथा प्रत्येक प्रस्तावनेत असते.

तिसरा मजला: ‘बेवारस’ या शब्दाला माझी सक्त हरकत आहे. पॉवेलने स्वतःहून देहदान केले होते. अवशेष परत घ्यायला नकार मिळाला म्हणून १९७० मध्ये शहराने ते पुरले. माझ्या वडिलांचेही आम्ही देहदान केले. तेराव्याचे काय, म्हणून सख्ख्या काकांनी अबोला धरला आणि पुढे अवशेषांविषयी विचारणाऱ्या माझ्या दोन पत्रांना देह स्वीकारणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाने साधी पोचही दिली नाही. म्हणून माझे वडील बेवारस ठरतात काय?

जुनी पाने: आपल्या वडिलांविषयी मी अवाक्षर काढलेले नाही, तेव्हा कृपया तसा आरोप करू नये. ज्या व्यक्तीवर विश्वासाने सारे सोपवले तिने पाठ फिरवली, हे मला क्रूर वाटते.

तिसरा मजला: क्रूर आहेच, पण तो दोष जिवंतांचा आहे, त्याचा डाग मृत बाईच्या नावावर लावू नका.

नदीकाठ: जीव लावावा असे माणूस नाही, हा आक्षेप समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९६२ मध्येच ओळखला होता: वाचकाला, विशेषतः स्त्रियांना, सुखस्वप्ने रंगवता येतील असे ती काही देत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहिली. माझा धाकटा भाऊ कायम दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे पॉवेलच्या रोजनिशीतला तिचा आजारी मुलगा जोजो मला परका वाटत नाही. अशा घरात राहून, पैशांची चणचण सोसून जिने एवढे लिहिले, तिच्याकडून गोड माणसांची अपेक्षा मी तरी करणार नाही.

जुनी पाने: ‘बेवारस’ हा शब्द मी मागे घेतो. ‘बेताच्या’ हा नाही.

नदीकाठ: लहानपणी सावत्र आईने पॉवेलच्या लेखनाच्या वह्या जाळल्या आणि ती घर सोडून मावशीकडे गेली. त्या बालपणावरची ‘माय होम इज फार अवे’ (१९४४) आपण वाचली आहे काय?

जुनी पाने: नाही.