मुलाला वर्षभर थांबवून पहिलीत घातलंत का? अनुभव सांगा

मुलगा नोव्हेंबर अखेरचा. 2020 च्या शासन निर्णयाप्रमाणे 31 डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे जूनमध्ये हा साडेपाचाचाच. सासूबाई म्हणतात, वर्ष कशाला वाया घालवता? सिनियर केजीच्या बाई म्हणतात, मुलगा आहे, थांबा. मतं भरपूर ऐकून झालीत, घडलेलं लिहा.

दोन मुलग्यांची आई, नाशिक
थोरला डिसेंबरचा, थांबवला नाही. अभ्यासात कुठे अडलं नाही, पाढे घडाघडा. पण डब्याचं झाकण उघडेना, चड्डीचं बटण लागेना, मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेईना. दुसरीपर्यंत शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. धाकटा ऑक्टोबरचा, त्याला थांबवला. तो वर्गात पुढे असतो. आता हुशार आहे म्हणून, की सगळ्यांत मोठा म्हणून, देव जाणे.

पहिलीच्या बाई, सांगली जिल्हा
माझ्या वर्गात जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल शेजारी बसतं. साडेपाचाच्या पोराला अकरा महिने म्हणजे केवढे! पेन्सिलीची पकड, ओळीत लिहिणं, जागेवर टिकणं, यात मुलगे जास्त रेंगाळतात हे खरं. पण डिसेंबरच्या मुलीचंही हेच होतं, ती फक्त गोंधळ घालत नाही, म्हणून तिला थांबवायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी आधी जन्ममहिना बघते, मुलगा की मुलगी ते नंतर. आणि थांबवायचंच तर नर्सरीच उशिरा सुरू करा. सिनियर केजी पुन्हा करायला लावलं की पोरं तेच ते गिरवून कंटाळतात, शिवाय मित्र पुढे गेलेले दिसतात ते वेगळंच.

निवृत्त लिपिक, बीड
आमचे गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचे. लागला की नाव दाखल, जन्मतारीख 1 जून! निम्म्या वर्गाची तीच. नोकरीतून सुटलोही सगळे 31 मे रोजीच. आई म्हणायची, तू पोळ्याचा. साल मात्र तिलाही सांगता आलं नाही, त्यामुळे मी लवकर गेलो की उशिरा ते विचारू नका.

एस्पो, फिनलंड
इथे मूल ज्या वर्षी सात पूर्ण करतं त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिली. आधीचं पूर्वतयारीचं वर्ष 2015 पासून सक्तीचं. आमच्या चिरंजीवांवर घाई झाली नाही, ते बरंच झालं. पण पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत इथल्या मुली वाचनात मुलग्यांच्या बऱ्याच पुढे असतात. सगळ्यांनाच उशिरा घालूनही ते अंतर मिटलेलं नाही, तेव्हा फार आशा ठेवू नका.

बाबा, पुणे
केंद्रीय विद्यालयात 2022-23 पासून 31 मार्चला सहा पूर्ण लागतात, त्यामुळे आमच्या सप्टेंबरच्या मुलाबाबत प्रश्नच आला नाही. तोटा एकच दिसला. फुटबॉलमध्ये लहान वयोगटाचा संघ जन्मतारखेवर ठरतो. वर्गातले काही मित्र अजून त्या संघात आहेत, हा बाहेर.

थांबवलेला मुलगा, ठाणे
मीच तो! पहिलीत काय फायदा झाला आठवत नाही. आठवीत मिशी सगळ्यांच्या आधी आली आणि दहावीपर्यंत वर्ग मला ‘काका’ म्हणायचा. कॉलेजात कुणी वय विचारत नाही. धाकट्या भावाला मात्र आईने वेळेवर घातलं, का ते विचारलं तर म्हणते, तुझ्या वेळी वेळ होता.