पाण्यातलं शिसं एक्सआरएफवर (क्ष-किरण मारून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) दिसत नाही. जास्त वॅटची क्ष-किरण नळी घ्यावी का?

सातपूरकर: अंबडच्या आमच्या लॅबमध्ये टेबलावरचं एक्सआरएफ आहे. मातीला झकास. वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलेल्या द्राक्षबागेची माती ठेवली की तांब्याचा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, पडद्यावर ताडासारखा उभा! पण विहिरीच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, तिथे यंत्र आंधळं. साहेब म्हणतात, जास्त वॅटची नळी घेऊ. माझ्या मते पैसे वाया. नळीचा जोर वाढला की पाण्यातून विखुरणारे किरणही वाढतात, पीक त्या गोंगाटातच बुडतो. चौपट वेळ मोजलं तरी शोधमर्यादा (यंत्राला दिसणारं कमीत कमी प्रमाण) जेमतेम निम्मी होते.

गोदाकाठ: मग हट्ट कशाला? पाण्याला आयसीपी-एमएस (आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात नमुना सोडून धातू मोजणारं यंत्र), विषय संपला.

सातपूरकर: आर्गॉनची टाकी तुम्ही भरून देणार का, दादा?

गोदाकाठ: नमुने बाहेर पाठवा की. चुकीचा आकडा त्याहून महाग पडतो.

सिन्नरची मीनल: दोघंही पाणी तसंच कपात ओतून मोजायचं धरून चाललाय. एक लिटर पाणी धातू पकडणाऱ्या रेझिनच्या चकतीतून गाळा. मर्यादेवरच्या पाण्यात 10 मायक्रोग्रॅम शिसं असतं, 10 चौ. सेंमी चकतीवर ते चौ. सेंटिमीटरला 1 मायक्रोग्रॅम झालं. हे यंत्राला दिसतं. शिवाय चकती पातळ, त्यामुळे किरण कमी विखुरतात. खरा फायदा तिथे आहे.

गोदाकाठ: आपल्याकडच्या बोअरचं पाणी केवढं जड! कॅल्शियम रेझिनवर जागा अडवणार, निम्मं शिसं खाली वाहून गेलं तर कळणार कसं?

सिन्नरची मीनल: त्याच पाण्यात मोजून शिसं घालायचं आणि किती परत मिळतं ते बघायचं. आर्सेनिकची शंका असेल तर शिशाच्या 10.55 केईव्हीच्या (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) रेषेवर, म्हणजे त्या ऊर्जेच्या पीकवर, विसंबू नका, आर्सेनिकची 10.54 ला बसते. 12.6 ची बघा. कॅडमियमचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. ऱ्होडियमची नळी असेल तर तिचीच एक रेषा त्याच्या शेजारी येते.

सातपूरकर: चकतीचा प्रयोग आम्ही एकदा केला होता, ताई. कोऱ्या चकतीतच शिसं! दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, ज्या चिमट्याने चकती उचलत होतो त्यानेच कुणीतरी शिसं असलेली सोल्डरची तार धरली होती.

गोदाकाठ: बघा! आणि म्हणे आयसीपी नको.

सिन्नरची मीनल: तो चिमटा आयसीपीच्या बाटलीतही बुडालाच असता. प्लास्टिकचा घ्या, आणि आधी पाच कोऱ्या चकत्या मोजून आकडे इथे टाका.