चर्चगेट ते मशीद: दोन दिवसांत मुंबईतली जुनी चर्चं आणि सिनेगॉग

प्रश्न (गोदाकाठ):
मंडळी, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनिवार-रविवार मुंबईत आहोत. चौघं जण, त्यात दोघं सत्तरीच्या पुढचे. जुनी चर्चं आणि ज्यूंची प्रार्थनास्थळं बघायची आहेत. शनिवारी सिनेगॉग आणि रविवारी चर्च असं ठरवलंय. बसेल का? आधी परवानगी लागते का? लोकलने फिरावं की टॅक्सीने?

पायपीट:
नेमकं उलटं करा. शनिवार हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत सिनेगॉग पर्यटकांसाठी बंद, शुक्रवारी दुपारपासूनच आवराआवर सुरू होते. चर्चमध्ये रविवारी सकाळी एकामागून एक उपासना असतात, तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर बसून राहाल, बघणं होणार नाही. म्हणून शनिवारी चर्च, रविवारी सिनेगॉग. फक्त शनिवारी चर्च सकाळीच उरका, संध्याकाळी लग्नं असतात.

चर्चगेटला उतरून वीर नरिमन रस्त्याने सरळ हॉर्निमन सर्कलकडे चालत या, पाऊण तासाच्या आत आरामात पोचाल. तिथलं सेंट थॉमस कॅथीड्रल म्हणजेच चर्चगेटमधलं चर्च. कोटाचा जो दरवाजा या चर्चच्या रस्त्यावर होता, तो 'चर्चगेट'. १६७६ मध्ये काम सुरू झालं, मग भिंती सुमारे ४० वर्षं तशाच अर्धवट उभ्या राहिल्या आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. आत शिरल्यावर वेदीकडे धावू नका, भिंती वाचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे स्मृतिलेख आहेत. वयं आणि मृत्यूची वर्षं वाचली की त्या काळच्या मुंबईच्या हवेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यानंतर वेळ उरला तर कुलाब्याचं अफगाण चर्च बघा, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलेलं. तिथे मात्र टॅक्सीनेच जा.

दर्यावर्दी:
वरच्या उत्तरात सर्वात महत्त्वाची गोष्ट राहिली: ओळखपत्र. मूळ प्रत, प्रत्येकाची. २६/११ नंतर मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस बंदोबस्त असतो. नाव-पत्ता वहीत लिहून घेतात, पिशव्या तपासतात. झेरॉक्स दाखवून हुज्जत घालू नका. मोठी बॅग हॉटेलवरच ठेवा.

दुसरं, तारखा. हिब्रू पंचांगही आपल्यासारखंच चांद्रमासाचं, अधिक महिना घेणारं. त्यामुळे ज्यूंचं नववर्ष, रोश हशाना, घटस्थापनेच्या एक-दोन दिवस इकडेतिकडे येतं, नाहीतर महिनाभर आधी गणेश चतुर्थीच्या आसपास. त्यानंतर दहाव्या तिथीला योम किप्पूरचा उपास आणि पौर्णिमेला सुक्कोथ हा मांडवांचा सण सुरू. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, जुन्या मराठीत रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. तुमचा शनिवार-रविवार या तीन-साडेतीन आठवड्यांत पडू शकतो. तिकिटं काढायच्या आधी त्या वर्षाच्या तारखा बघा.

परवानगी: काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगला सहसा थेट गेलं तरी चालतं. बाकी ठिकाणी आधी कळवलेलं बरं, आणि ते गुरुवारपर्यंत. शनिवारी फोन उचलला जाणार नाही.

मशीदबंदरवाला:
रविवारचा क्रम असा ठेवा: सकाळी सॅम्युएल स्ट्रीट, मग भायखळा, दुपारी काळा घोडा.

सॅम्युएल स्ट्रीटचं शार हराहमीम हे मुंबईतलं सर्वात जुनं सिनेगॉग, १७९६ चं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. कंपनीच्या सैन्यात होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. आडनावावर जाऊ नका, बेने इस्रायल मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले. दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे ते केहीमकर, चौलचे चेऊलकर. सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. मशीद स्टेशनचं नाव या 'जुन्या मशिदी'वरूनच पडलं असं मानलं जातं. म्हणजे चर्चगेट आणि मशीद, दोन्ही स्टेशनं प्रार्थनास्थळांच्या नावाची, पण दुसरं ज्याचं वाटतं त्याचं नाही! दार दुकानांच्या रांगेत आहे, चटकन दिसत नाही. 'सिनेगॉग कुठे' विचारलंत तर निम्मे लोक खांदे उडवतील, रस्त्याचं नाव विचारा. रविवारी बाजार बंद, त्यामुळे हातगाड्यांतून वाट काढावी लागत नाही.

अडचण एकच, मेगाब्लॉक. रविवारी धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की मशीदला थांबत नाहीत, हार्बरचा ब्लॉक असेल तर तीही बंद. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. तसं असेल तर सीएसएमटीहून टॅक्सी.

भायखळ्याचं मागेन डेव्हिड (१८६४, डेव्हिड ससून) बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंचं. उंच घड्याळाचा मनोरा, आवारात शाळा. ज्येष्ठांना हे सोपं जाईल.

गोदाकाठ:
खूपच उपयोगी. टोपी घालावी लागते का? आणि फोटो?

दर्यावर्दी:
पुरुषांनी डोकं झाकायचं. दारात टोप्या ठेवलेल्या असतात, नसल्या तर रुमालही चालतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे चर्चलाही लागू. मधल्या कठड्याच्या चौथऱ्यावर, म्हणजे तेबावर, चढू नका. पडद्यामागच्या कपाटाला, हेखालला, हात लावू नका. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या तिथे असतात. फोटो विचारून काढा, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात.

उजेडाचं गणित मात्र लक्षात ठेवा. चर्चची वेदी परंपरेने पूर्वेला, तेव्हा तिथल्या रंगीत काचा सकाळी पेटतात. सिनेगॉगचं हेखाल जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे मुंबईत पश्चिमेला. केनेसेथ एलियाहूच्या हेखालमागची रंगीत काच म्हणूनच दुपारनंतर खुलते. सकाळी जाऊन 'फोटोत होतं तसं नाही दिसलं' म्हणणारे पुष्कळ.

पायपीट:
आणि केनेसेथचं प्रार्थनागृह तळमजल्यावर नाही, जिना चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर भायखळ्यानंतर तासभर विश्रांती घेऊन मगच या. टॅक्सीवाल्याला 'ऱ्हिदम हाऊसच्या मागे' सांगा. दुकान बंद होऊन वर्षं झाली, पत्ता अजून चालतो.