अनुभव धागा: पोर्ट वाइनची तुमची आवड कुठून निघाली आणि कुठे पोहोचली?

पांझराकाठ (धुळे)

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्यात गुंडाळलेली पोर्ट वाइनची एक रिकामी बाटली सापडली. हुंगून पाहिली तर नुसता धुळीचा वास आला, आठवण मात्र लख्ख होती. आमच्या घरात दारूचे नाव काढायची सोय नव्हती. तरीही आत्याच्या बाळंतपणात ही बाटली गोव्याहून मागवली गेली आणि आजीने ‘हाई ते दवाई शे’ असा निर्वाळा दिल्यावर तिला देवघरामागच्या फडताळात जागा मिळाली. मी तेव्हा दहावीत होतो. झाकणभर चोरून प्यायलो, तेव्हा काकवीत कुणी काळ्या मनुका भिजत घातल्या आहेत असे वाटले होते.

ती खरी पोर्ट नव्हती, हे नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर कळले. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली. तिथे द्राक्षरस आंबायला लागल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यात सुमारे 77 टक्के अल्कोहोल असलेला द्राक्षांचाच मद्यार्क ओततात. त्यामुळे आंबण्याची क्रिया जागच्या जागी थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइनमधील अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाते. तिशीत मला त्यातली रूबी, म्हणजे थोडीच वर्षे मुरवलेली लालभडक पोर्ट आवडे, कारण ती त्या चोरलेल्या झाकणाच्या सर्वांत जवळची होती. चाळिशीत व्हिंटेजचे, म्हणजे एकाच उत्तम सालच्या द्राक्षांच्या पोर्टचे वेड लागले. आता साठी उलटल्यावर वीस वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरून तांबूस झालेली पोर्ट सोडून दुसरे काही नको वाटते. तुमच्याही जिभेने हीच वाट धरली का, की कुणी उलट्या दिशेने गेले? सविस्तर लिहावे.

सावद्याचा केळीवाला

नाना, माझी आवड जिभेने नव्हे, उन्हाळ्याने बदलली. मी पक्का व्हिंटेजवाला होतो. दोन-तीन वर्षांतच पिंपातून काढून बाटलीत भरलेली, पुढे बाटलीतच दशकानुदशके मुरणारी ती गडद, तुरट पोर्ट सोडून बाकी सगळे पाहुण्यांसाठी, असा माझा तोरा होता. एका मे महिन्यात आठ दिवस लग्नाला गेलो, मागे घर बंद राहिले आणि बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला. परत येऊन पाहतो, तर दोन बाटल्यांची बुचे अर्ध्या बोटाने वर आलेली आणि मानेवरून चिकट ओघळ फडताळाच्या फळीपर्यंत गेलेला.

त्यानंतर सगळ्या बाटल्या आमच्या केळीच्या रायपनिंग चेंबरच्या कोपऱ्यात आडव्या ठेवल्या. तिथे बारा महिने 17-18 अंश तापमान असते, म्हणजे तळघराची हौस फुकटात भागली. पण केळीसाठी तिथली हवा मुद्दाम दमट ठेवतात, हे धंदा माझाच असून माझ्या लक्षात आले नाही. दोन वर्षांत लेबले कुजून गळाली आणि कोणती बाटली कोणती, हे कळेना. मग एका संध्याकाळी चौघे मित्र बसलो आणि चार बाटल्यांतले नुसते चवीवर ओळखायचे ठरवले. जिला मी ठामपणे ‘हीच माझी व्हिंटेज’ म्हणालो, ती दहा वर्षांची टॉनी निघाली. रंग पाहूनही कळले नाही, कारण चहाचे स्टीलचे पेले वापरले होते.

तापीकाठची

भाऊ, केळीबरोबर बाटल्याही पिवळ्या पडल्या का, एवढेच सांगा. बाकी माझा अनुभव रात्री स्वयंपाक आटोपल्यावर लिहिते.

लोको कॉलनी, भुसावळ

आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहत. नाताळात त्यांच्या घरी प्लम केक आणि लहानशा पेल्यात रूबी मिळे. मुलांना फक्त केक. तेव्हापासून मला रूबी म्हणजे डिसेंबर, असे समीकरण डोक्यात बसले आणि नोकरीला लागल्यावरही मी वर्षातून तेवढीच एक बाटली घेत असे.

निवृत्तीनंतर मुलाकडे गेलो असताना पोर्तुगालमधले, डौरो नदीच्या मुखाजवळचे व्हिला नोव्हा द गाया पाहिले. डौरो खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पूर्वापार पोर्ट तिथे न मुरवता नदीने खाली आणून, समुद्राच्या गार वाऱ्यात असलेल्या गायाच्या वखारींत ठेवत. खोऱ्यातच राहिलेल्या पिंपांतील वाइनला एक भाजकी, जळक्या साखरेसारखी चव येते, तिला ‘डौरो बेक’ म्हणतात आणि जुने व्यापारी ते वैगुण्य मानत. मला नेमकी तीच चव आवडली. उभा जन्म भुसावळच्या उन्हात काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? आता रूबी पाजली तर मला ती कच्ची लागते. तरी नाताळात ती आणतोच, गार्डसाहेबांसाठी.

डॉक्टरीणबाई, जळगाव

प्रथम कर्तव्य: बाळंतिणीला कोणतीही वाइन औषध म्हणून देऊ नये. नाना, तुमच्या आजींचा हेतू चांगला होता, याबद्दल वाद नाही.

आता माझे. पोर्टच्या एका लिटरमध्ये साधारण 100 ग्रॅम साखर असते. हा आकडा मी रुग्णांना सांगत असे आणि स्वतः सोयीने विसरत असे. माझाच रक्तातील साखरेचा अहवाल हातात आला, तेव्हा एलबीव्ही, म्हणजे पिंपात चार ते सहा वर्षे राहून मग बाटलीत भरलेली माझी लाडकी पोर्ट, बंद करावी लागली. त्याऐवजी पांढरी एक्स्ट्रा ड्राय पोर्ट महिन्या-दोन महिन्यांनी एकदा घेते. तिच्यात साखर बरीच कमी असते, आणि पोर्तुगालमध्ये करतात तसे तिच्यात टॉनिक वॉटर, बर्फ व लिंबाची फोड घातली की घोटही मोठा वाटतो. हिवाळ्यात शेतावर हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी असताना ती जशी जमते, तशी एलबीव्ही कधीच जमली नसती. सुरुवातीला ही शिक्षा वाटत होती. आता गोड पोर्टचा एक घोटही जड होतो.

पांझराकाठ (धुळे)

ताई, कर्तव्य शिरसावंद्य. तुमचे वाचून माझीही एक लबाडी कबूल करतो. मी टॉनीकडे वळलो ते केवळ रसिकता वाढली म्हणून नव्हे. मुले बाहेरगावी गेली, घरात आम्ही दोघेच, आणि ही पोर्टला शिवत नाही. जुनी व्हिंटेज उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर तिचा सुगंध उडतो. टॉनीने पिंपात इतकी वर्षे हवा खाल्लेली असते की बाटली उघडल्यावरही ती काही आठवडे टिकते. रोज एक लहान पेला घेणाऱ्या एकट्या माणसाला टॉनीच परवडते.

नंदुरबारचा मास्तर

माझा प्रवास पूर्ण उलटा आहे. माझी जीभ सातपुड्यातल्या शाळेत असताना मोहाच्या पहिल्या धारेवर तयार झाली. त्यामुळे पहिल्यांदा टॉनी प्यायलो, तेव्हा अक्रोडाचे सरबत दिले की काय असे वाटले. तरी दहा वर्षे मी तीच घेतली, कारण जाणकार तीच घेतात असे ऐकले होते. पन्नाशीत कुणीतरी 2011 सालची व्हिंटेज पाजली, आणि ती जिभेला अशी धरून बसली की पहिली धार आठवली. ती अजून लहान आहे, वीस वर्षे थांबा, असे सगळे सांगतात. मला मधुमेह, गुडघे आणि पेन्शनचा अनुभव आहे. वीस वर्षे कोण थांबतो?

तापीकाठची

आले. आखाजीला खापरावरचे मांडे करते, त्यांच्याबरोबर टॉनी घेऊन पाहा, एवढाच माझा अनुभव. पुरणातला गूळ आणि तिची चव एकाच घरातल्या वाटतात. मास्तर, तुमच्या व्हिंटेजच्या तळाशी गाळ येतो, त्याचे काय करता?

नंदुरबारचा मास्तर

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवतो आणि जुन्या मऊ धोतराच्या चौघडीतून हळूहळू गाळतो. धोतर पुन्हा पांढरे होत नाही. सौभाग्यवतींनी त्यासाठी एक वेगळे काढून दिले आहे.