बाथरूममध्ये एलईडी स्ट्रिप लावायची आहे: पाण्यापासून बचाव कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. बाथरूममधील आरशामागे आणि शॉवरलगतच्या भिंतीतील कोनाड्यात कमी व्होल्टेजची एलईडी स्ट्रिप लावण्याचा विचार आहे. कोनाड्यावर थेट पाणी उडते, आरशाकडे मात्र फक्त वाफ पोहोचते. आयपी (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) ६५, ६७ आणि ६८ यांपैकी कोणती घ्यावी, आणि मापाप्रमाणे कापल्यावर तिचे टोक पुन्हा कसे बंद करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आरशामागे आयपी ६५ पुरेशी आहे. कोनाड्यात मात्र किमान आयपी ६७ घ्यावी, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही पाणी आत जाणार नाही अशी. पण हे मानांकन कारखान्यातून आलेल्या अखंड स्ट्रिपचे असते. कात्री लावली की ते त्या टोकापुरते संपते, आणि पाणी शिरते ते बहुतेक वेळा टोकातून किंवा जोडातूनच. आत ओल राहिली की डीसी प्रवाहामुळे धन बाजूचे तांबे झिजू लागते, त्यावर हिरवट थर चढतो आणि टोकाकडचे दिवे लुकलुकू लागतात.

म्हणून कापताना खुणेच्या रेषेवरच कापावे, पॅडवरचे (वायर जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यांवरचे) सिलिकॉन ब्लेडने अलगद सोलावे आणि वायर सोल्डर करूनच जोडावी. दाबून बसवायचे क्लिप-कनेक्टर ओल्या जागी वापरू नयेत. त्यानंतर टोकात सीलंट भरून एंड कॅप बसवावी आणि सीलंट पूर्ण सुकू द्यावे. सीलंट ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचेच हवे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते तांब्याला खाते. माझ्या मते या कामातील सर्वांत महत्त्वाची खरेदी हीच आहे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ड्रायव्हर (स्ट्रिपला कमी व्होल्टेजची वीज पुरवणारे उपकरण) बेसिनखालच्या कपाटात ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

शक्यतो नको. स्ट्रिप १२ किंवा २४ व्होल्टची असली, तरी ड्रायव्हरच्या एका बाजूला घरातील पूर्ण दाबाची वीज असते, त्यामुळे तो बाथरूमच्या बाहेर किंवा पाणी आणि वाफ पोहोचणार नाही अशा कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. तो ‘एसईएलव्ही’ प्रकारचा, म्हणजे मुख्य विजेपासून पूर्णपणे विलग असलेला असावा आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) असावे. हा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

ड्रायव्हर लांब गेल्यावर वायरही लांबते. अशा वेळी २४ व्होल्टची स्ट्रिप बरी. ७२ वॅटसाठी १२ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह लागतो, २४ वर ३ अँपिअर, त्यामुळे वायरीत होणारी व्होल्टेजची घट कमी राहते आणि शेवटचे दिवे मंद होत नाहीत.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त आरशामागेही मी आयपी ६७ च घेईन, कारण वाफ फटींतून आत जाते आणि थंड झाल्यावर तिथेच तिचे पाणी होते. शिवाय स्ट्रिप नुसत्या चिकटपट्टीच्या भरवशावर टाइलवर लावू नये. दमट हवेत ती सुटते आणि सुटलेल्या स्ट्रिपचा सगळा ताण सोल्डरच्या जोडावर येतो. सिलिकॉनवर इतर गोंदही सहसा धरत नाहीत. ॲल्युमिनियमचे प्रोफाइल (खाचेची पट्टी) स्क्रूने बसवून त्यात स्ट्रिप ठेवावी, म्हणजे आवरणात कोंडलेली उष्णता बाहेर पडते आणि पुढे कधी स्ट्रिप बदलायची झाली, तर टाइल उखडावी लागत नाही.