विक्रम, उच्चांक, श्रेष्ठ, दिग्गज: लुईस-पॉवेल वादात कोणता शब्द कुठे?

(ही चर्चा आहे; प्रत्येक भागावर बोलणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

मार्गिका चार

ऑलिंपिकमधल्या लांब उडीवर वाद रंगला की एकाच खेळाडूला एका वाक्यात ‘विक्रमवीर’, दुसऱ्यात ‘सर्वश्रेष्ठ’ आणि तिसऱ्यात ‘दिग्गज’ म्हटलं जातं. कार्ल लुईस आणि माइक पॉवेल यांच्याबाबतीत मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लुईसने लांब उडीत सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली (१९८४, १९८८, १९९२, १९९६), पण खुल्या मैदानावरचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर कधीच नव्हता. पॉवेलकडे ऑलिंपिकची दोन रौप्यपदकं, सुवर्ण एकही नाही, आणि ८.९५ मीटरचा जागतिक विक्रम १९९१ पासून त्याचाच. मग विक्रमवीर कोण आणि श्रेष्ठ कोण? शिवाय ‘विक्रम’ आणि ‘उच्चांक’ यांत काही फरक करायचा का?

फळी ते खड्डा

विक्रम म्हणजे अटींसकट मोजलेला आकडा. अटी गाळल्या की शब्द चुकीच्या माणसाला चिकटतो.

लांब उडीतली मुख्य अट वाऱ्याची. उडीच्या दिशेने वाहणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर त्या उडीची विक्रम म्हणून नोंद होत नाही. वारा मोजणारं यंत्र, जिथून उडी घेतात त्या फळीच्या २० मीटर अलीकडे, जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर असतं. खेळाडू फळीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो तेव्हापासून पाच सेकंद मोजणी चालते आणि त्याची सरासरी धरतात. हीच मर्यादा तिहेरी उडीला, २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना आणि १०० व ११० मीटर हर्डल्सना आहे. भालाफेकीला नाही, म्हणून नीरज चोप्राच्या फेकीपुढे वाऱ्याचा आकडा दिसत नाही.

आता ३० ऑगस्ट १९९१, टोकियो, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. चौथ्या फेरीत लुईसची ८.९१ मीटर उडी पडली. बॉब बीमनच्या १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमधल्या ८.९० च्या जागतिक विक्रमापेक्षा एक सेंटिमीटर जास्त. पण वारा होता २.९. अशी उडी स्पर्धेत पूर्ण वैध असते, तिच्यावर सुवर्णपदकही मिळू शकतं. फक्त विक्रमाच्या यादीत ती जात नाही. पाचव्या फेरीत पॉवेलने ८.९५ मारली, वारा ०.३. ही उडी दोन्हीकडे चालली. लुईसची सलग ६५ विजयांची मालिका तिथे संपली.

पॉवेलची ती उडी झालीच नसती तर लुईस ८.९१ वर विजेता ठरला असता आणि बीमनचा विक्रम तरीही अबाधित राहिला असता. ‘विजेता’ आणि ‘विक्रमवीर’ हे दोन वेगळे शब्द लागतात ते यासाठी.

शब्दसंचय

व्युत्पत्तीकडून पाहू. ‘विक्रम’ हा ‘क्रम्’ धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून झाला. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन म्हणून ‘त्रिविक्रम’. पाऊल, मग शौर्य, आणि आधुनिक मराठीत नोंदवलेली सर्वोच्च कामगिरी, असा अर्थ सरकत आला. ‘पराक्रम’ही त्याच धातूचा, पण तो शौर्यापाशीच थांबला. त्याला आकडा लागत नाही. म्हणून ‘८.९० मीटरचा पराक्रम’ खटकतं आणि ‘८.९० मीटरचा विक्रम’ खटकत नाही.

‘उच्चांक’ मात्र सरळ उच्च + अंक आहे. तो आकडा वाढण्यातच मोठेपणा असलेल्या ठिकाणी शोभतो: उडी, फेक, भारोत्तोलन, धावसंख्या. ‘१०० मीटर शर्यतीचा उच्चांक ९.५८ सेकंद’ यात अंक लहान होण्यात पराक्रम आणि शब्द म्हणतो उच्च. आणि तिथे ‘नीचांक’ लिहायची सोय नाही, कारण तो वाचकाला थेट हिवाळ्यातल्या तापमानाची किंवा शेअर बाजाराच्या पडझडीची आठवण करून देतो.

मार्गिका चार

तर्क पटतो, पण ‘उच्चांक’ धावण्याच्या शर्यतींनाही वापरला जातो. ‘जागतिक उच्चांक मोडला’ हे वाक्य वाचताना अंक चढला की उतरला याचा विचार कोणी करत नाही. रूढीने अर्थ सैल झाला असेल तर तो चूक कसा म्हणायचा?

शब्दसंचय

चूक म्हणत नाही. पण ‘विक्रम’ दोन्हीकडे निर्धोक चालतो, त्यामुळे शर्यतीसाठी तोच घ्यावा असं माझं ठाम मत. उसेन बोल्टने २००८ मध्ये बीजिंगला ९.६९ आणि २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांची नोंद केली. इथे ‘उच्चांक ०.११ सेकंदाने उंचावला’ असं लिहिलं की अर्थ उलटा होतो. ‘विक्रम ०.११ सेकंदाने सुधारला’ हे स्वच्छ. आणखी एक: विक्रमाची ‘बरोबरी’ होते तेव्हा ‘विक्रमाशी बरोबरी साधली’ म्हणावं. ‘विक्रम पुन्हा केला’ म्हटलं तर पहिला मोडून नवा केला असा समज होतो.

सेकंदकाटा

क्रियापदांइतकाच घोळ वेळ लिहिण्यात होतो. अविनाश साबळेचा ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम (पॅरिस डायमंड लीग, जुलै २०२४) ८ मिनिटे ९.९१ सेकंद आहे. तो ‘८.०९ मिनिटे’ असा छापला की गणिताने त्याचा अर्थ ८ मिनिटे ५.४ सेकंद होतो, कारण मिनिटाचा ०.०९ भाग म्हणजे ५.४ सेकंद. साडेचार सेकंदांची ही तफावत त्याच्या वेगाने सत्तावीस-अठ्ठावीस मीटर भरते. मिनिटं आणि सेकंद शब्दांत वेगळे लिहावेत, दशांशचिन्ह फक्त सेकंदांना ठेवावं.

स्टीपलचेसला ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणू नये, कारण ते नाव हर्डल्सला दिलं जातं. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात, आणि अडथळा हर्डलसारखा धक्क्याने आडवा पडत नाही. पाय अडकला तर पडतो खेळाडू.

मिल्खा सिंग यांच्या रोम १९६० मधल्या ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीवरही दोन आकड्यांवरून वाद होतात: ४५.६ आणि ४५.७३. दोन्ही बरोबर आहेत. पहिली हातघड्याळाची वेळ, दुसरी विद्युत यंत्रणेची. कुठली ते लिहिलं की वाद मिटतो. पी. टी. उषा यांचं १९८४ च्या ऑलिंपिकमधलं ४०० मीटर हर्डल्सचं कांस्य मात्र विद्युत वेळेवरच हुकलं, ५५.४२ विरुद्ध ५५.४१. त्याला ‘शतांश सेकंदाने हुकलं’ म्हणावं. ‘क्षणार्धात हुकलं’ म्हटलं तर ते पटकन घडलं असा अर्थ निघतो, किती थोडक्यात ते कळत नाही.

लाल माती

कुस्तीत सेकंद-सेंटिमीटरचा विक्रमच नसतो, मग मोठेपण कशाने मोजायचं? क्यूबाच्या मिहाइन लोपेसने २००८ ते २०२४ अशा पाच ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमनच्या सर्वांत वजनदार गटाचं सुवर्ण जिंकलं. एकाच वैयक्तिक क्रीडाप्रकारात सलग पाच सुवर्णं आजवर दुसऱ्या कोणाची नाहीत. ‘पाच सुवर्णांचा विक्रम’ म्हणता येतं, पण हा मोजणीतून आलेला विक्रम आहे, मापातून आलेला नाही. लुईसची चार सुवर्णं याच जातीची. त्यामुळे ‘लुईसच्या नावावर विक्रम नाही’ हे वाक्यही अर्धवट आहे. ‘अंतराचा जागतिक विक्रम नाही’ असं हवं.

विशेषण गाळल्याने इतिहास कसा बिघडतो याचं आपल्या घरचं उदाहरण खाशाबा जाधव. हेलसिंकी १९५२ चं त्यांचं कांस्य ‘भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ म्हटलं की कोणीतरी १९०० च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावे पदकं मिळवणाऱ्या नॉर्मन प्रिचर्डचं नाव काढतो आणि चर्चा भरकटते. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ एवढं पूर्ण लिहावं. आणि ‘कास्य’ नव्हे, ‘कांस्य’. कासे या धातूचं संस्कृत नाव.

शब्दसंचय

आता ‘दिग्गज’. आठ दिशांना पृथ्वी तोलून धरणारे आठ हत्ती, ते दिग्गज. शब्दातच अनेकपण आहे. म्हणून ‘लांब उडीतले दिग्गज’ म्हणताना बीमन, लुईस, पॉवेल, राल्फ बोस्टन सगळे मावतात. ‘एकमेव दिग्गज’ म्हणणं शब्दाच्या विरुद्ध जातं. एकाचीच निवड करायची असेल तर ‘श्रेष्ठ’. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हाच तमभाव, म्हणजे ‘सर्वांत’ची पायरी, आहे, त्यामुळे ‘श्रेष्ठतम’ दुहेरी होतं. ‘सर्वश्रेष्ठ’ मराठीत इतका रुजला आहे की त्याला हरकत घेऊ नये. ‘आजवरचा सर्वांत मोठा’ हा साधा पर्यायही उत्तम. ‘सर्वांत’वर अनुस्वार हवा, कारण तुलना अनेकांशी आहे.

फळी ते खड्डा

‘श्रेष्ठ’ लिहिताना कशात तेही लिहा, एवढी विनंती. माझ्या मते स्पर्धेतला श्रेष्ठ लुईस. टोकियोच्या त्या अंतिम स्पर्धेत त्याच्या चार उड्या ८.८० मीटरच्या पुढे होत्या, आणि हरल्यानंतरच्या वर्षी बार्सिलोनाला त्याने पॉवेलला ८.६७ विरुद्ध ८.६४ असं हरवलं. एका उडीचा श्रेष्ठ म्हणाल तर मला बीमन वाटतो. आधीचा विक्रम ८.३५ होता, त्याने तो एका झेपेत ५५ सेंटिमीटरने मागे टाकला. अंतर मोजायच्या दुर्बिणीची पट्टी तेवढी लांब पोचत नव्हती, म्हणून पोलादी फीत आणावी लागली.

त्यावर आक्षेप ठरलेले: मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचावर, हवा विरळ, आणि वारा नेमका २.०. पण मर्यादा २.० पर्यंत, त्या आकड्यासकट आहे, आणि उंचीला नियमात मर्यादाच नाही. आकडेवारीच्या याद्यांत १००० मीटरवरच्या मैदानातल्या कामगिरीपुढे फक्त ‘ए’ अक्षर लावतात. शिवाय त्याच दिवशी, त्याच हवेत, त्याच फळीवरून बोस्टन आणि इगोर तेर-ओवानेस्यानही उडाले. ८.३५ चा विक्रम या दोघांचाच होता. रौप्यपदक ८.१९ वर गेलं.

मार्गिका चार

म्हणजे ‘बीमनचा विक्रम १९९१ मध्ये मोडला’ हेही तपासून लिहायला हवं.

फळी ते खड्डा

हो. मोडला तो जागतिक विक्रम. ८.९० मीटरचा ऑलिंपिक विक्रम पॅरिस २०२४ नंतरही बीमनच्याच नावावर आहे.