‘हायकोर्टाचा दणका’ वाचून निकाल कळत नाही

दिवाणी_दावा: रोखठोक यांनी काल लिहिलं, ‘२०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने, लहान मुलीला कपड्यांवरून हात लावला म्हणून, त्या आरोपीला सोडून दिलं.’ अहो, सोडलं कुठे? १९ जानेवारीच्या त्या निकालात पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम ८ काढलं, ज्यात किमान ३ वर्षं शिक्षा आहे, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ (विनयभंग) खाली १ वर्षाची शिक्षा ठेवली. निकाल चुकीचाच होता. पण ‘स्किन टू स्किन’ (त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श) एवढंच वाचून घरोघरी न्यायाधीश झाले.

रोखठोक: ते शब्द काय पत्रकाराने रचले? निकालपत्रातलेच आहेत. बोंब झाली म्हणूनच २७ जानेवारीला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. नोव्हेंबरात निकालच रद्द. बोंब नसती तर कोण वाचणार होतं?

बांधावरून: बोंबेचं कौतुक आम्हाला नका सांगू. आमच्या भूसंपादनाच्या केसला पेपरात छापून आलं, ‘शेतकऱ्यांना हायकोर्टाचा दिलासा’. गावात पेढे वाटले. होतं काय, तर पुढच्या तारखेपर्यंत ‘जैसे थे’. काका त्या भरवशावर नंतरच्या नोटिशीला उत्तरच देईनात. दोष कुणाला द्यायचा?

दिवाणी_दावा: हेच! तोंडी ताशेऱ्यांचंही तेच. एप्रिल २०२१ मध्ये निवडणूक आयोगावर बहुधा खुनाचा गुन्हा लावायला हवा, असं मद्रास हायकोर्ट तोंडी म्हणालं, लेखी आदेशात तो शब्द नाही.

रोखठोक: आणि सुप्रीम कोर्टाने ते छापू नका असं सांगायला नकार दिला, तेही लिहा की. अर्धंच सांगता, पेपरवाल्यांसारखं.

बांधावरून: निकाल इंग्रजीत, म्हणून पेपरवर विसंबावं लागतं. मूळ दुखणं ते आहे. राजस्थान, बिहारच्या हायकोर्टात हिंदी चालते, आम्हाला मराठी का नाही?

दिवाणी_दावा: राज्यघटनेचं कलम ३४८(२) वाचा. कामकाजाला परवानगी मिळते, निकालपत्रं त्यातून वगळलीत.

बांधावरून: तुम्ही राजभाषा कायदा १९६३, कलम ७ वाचा. इंग्रजी भाषांतर जोडलं की निकालही चालतो. वकील असाल तर फी परत करा.

दिवाणी_दावा: वकील नाही मी. आणि ‘चालतो’ म्हणजे आपोआप नाही, राज्यपालांची परवानगी आणि राष्ट्रपतींची संमती लागते. आधी ती मागायला लावा, मग माझ्यावर घसरा.

बांधावरून: म्हणजे कायद्यात सोय आहे, हे मान्य. एवढं वदवायला किती वेळ घेतलात!

रोखठोक: भाषेचं चालू द्या तुमचं. १ वर्षाच्या शिक्षेचं मला ठाऊक नव्हतं. ‘सोडून दिलं’ मागे घेतो. चिडलो होतो ते मागे घेत नाही.